नानांचा बिनबाह्यांचा स्वेटर

प्रिय आई,

आज मंचरच्या एसटीत तुझी विणायची सुई हातातून सटकली आणि घरंगळत पार ड्रायव्हरच्या मागे गेली. उठायचंही त्राण नव्हतं. एका बाईंनी आणून दिली, वर म्हणाल्या, "ताई, इनायचं तर घरी बसून इनावं." तेव्हाच ठरवलं, आज तुला लिहायचं. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

तू निमगाव सावाहून निघालीस की मंचरपर्यंत गाडीत विणत यायचीस, आणि तुझं काही म्हणता काही पडायचं नाही. कसं जमायचं गं? जुन्या परकराची ती कप्प्याकप्प्यांची पिशवी, गुंडाळून नाडी बांधली की झालं. सुयांच्या टोकांना गाईच्या इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं, क्रोशाची सुई टूथब्रशच्या डबीत, कात्री दोरीला बांधलेली. आता पिशवी माझ्याकडे आहे. सकाळी डबा आणि दुकानाच्या किल्ल्यांबरोबर ती कोंबते, आणि उतरेपर्यंत सगळ्याचा गुंता झालेला असतो.

नानांच्या स्वेटरची पाठ तू पुरी केली होतीस, पुढची बाजू खांद्याजवळ आली होती. बाही कुठून उचलायची, गळ्याला किती टाके सोडायचे, याच्या खुणेला तू सेफ्टी पिना अडकवल्या होत्यास. तू सवाष्ण गेलीस, म्हणून बायकांची हिरवं लुगडं नेसवायची कोण घाई. पदर खांद्यावर ठरेना. तुझ्या उशाशी विणकाम होतं. काकू म्हणाली, "ह्या काय हिथं पिना, घ्या," आणि सगळ्या काढून घेतल्या. तिचा तरी काय दोष? तुझा पदर नीट राहिला आणि स्वेटर तिथेच अडकला.

लोकरीच्या दुकानातल्या भाभींना दाखवला. "खुणा न्हाईत तर बाही वाकडी बसंल. उसवून आणा, मी मशिनवर नवा करून देते." खरं सांगू, मला बरंच वाटलं. दुकान, महाळुंग्याचं घर, रविवारी नानांच्या औषधांसाठी माहेरची फेरी. निदान एक काम तरी डोक्यावरून उतरलं असतं.

गेल्या रविवारी नानांसमोरच उसवायला बसले. एक ओळ सुटली आणि त्यांनी माझा हात धरला. "तिच्या हातचं आता दुसरं काय ऱ्हायलंय? न्हाई उसवायचं." मग ते अर्धवट विणकाम, सुया लागलेलं तसंच, छातीशी धरून ओट्यावर उन्हात बसून राहिले. मला रडूही आलं नाही गं, इतकी दमले होते. तू एवढं सगळं उरकून वर विणायचीस, आणि आम्हाला कधी कळू दिलं नाहीस. का नाही दिलंस?

तर ऐक. बाह्यांचा नाद मी सोडला. उरलेल्या ओळी घालते, दोन्ही बाजू जोडते आणि त्याची बंडी करते. गळा वाकडा आला तर तुझ्या लेकीच्या नावावर टाक. पण आता तुझा एक टाकाही उसवणार नाही, आणि या थंडीत नाना तुझ्याच हातचं घालतील. ते अंगावर चढेपर्यंत दमले म्हणून कुणाला सांगणार नाही. सांगितलंच, तर तुला.

तुझी,
सुनंदा