गुड्रूनला मागे कोण घेणार

मी, व्हर्ना टोलेफसन, वय वर्षे सत्त्याहत्तर, पूर्वीचा व्यवसाय शाळेच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक, हल्लीचा व्यवसाय फिरणे, राहणार ऑस्टबी, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवते, ते येणेप्रमाणे.

माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने इथे तळावर आमच्या शेजारच्या जागेत उतरलेल्या मार्लिसला विचारावं, ती कालच माझ्याकडून पत्त्यांचे सलग तीन डाव हरली आहे. माझ्या हृदयाची एक झडप कुरकुरते. ती नऊ ऑक्टोबरला बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही. असं ते दोनदा म्हणाले, म्हणून मी लिहायला बसले. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. ऑरिन, माझा नवरा, समोर बसून माझ्याकडे टक लावून बघतो आहे खरा, पण ते कॉफी कधी होणार म्हणून.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. त्यात नावं भरायला जागा होती, पण बाकी काही सांगायला नव्हती. म्हणून मी माझाच लिहिते आहे. त्यांनी कच्चा खर्डा वाचून कायद्यात बसतो एवढं सांगितलं आणि एके ठिकाणी स्वल्पविराम घातला.

कलम पहिले. ऑस्टबीचं राहतं घर ऑरिनला, त्याच्या हयातीपर्यंत. त्यानंतर ते आमची दोन मुलं, कार्स्टन आणि लिनिया, यांना समान हिश्श्याने मिळावं. विकायचं असेल तर खुशाल विकावं. घर म्हणून मी त्याच्यावर फार जीव लावलेला नाही. गेली तेवीस वर्षं मे ते सप्टेंबर आम्ही त्यात नसतोच, गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये राहतो. घेणाऱ्याला तळघराच्या जिन्याची तिसरी पायरी मात्र दाखवून द्यावी.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते ऑरिनचं, आणि त्याच्यामागे दोन्ही मुलांचं. त्यातला दहावा हिस्सा आधी काढून आमच्या टेकडीवरच्या जुन्या एकखोली शाळेला द्यावा. शाळा आता भरत नाही, ती फक्त दाखवायची म्हणून राखली आहे. पण छपराला ते कळत नाही, गळायचं तिथे ते गळतंच.

कलम तिसरे. बटाट्याच्या पोळ्या भाजायचा मोठा तवा आणि त्या उलटायची चपटी लाकडी काठी लिनियाच्या मुलीला, ब्रिटाला. पोळी फाटली तर फाटकी आधी स्वतः खावी, म्हणजे पुढची नीट होते.

माझ्या आईचा वेफर भाजायचा लोखंडी साचा माझे दीर पामर यांनी १९९४ च्या नाताळात दोन दिवसांसाठी नेला. पुढे दर नाताळाला विचारलं की ते म्हणायचे, "कुठला साचा?" आणि त्यांच्या घरात वेफरचा वास दरवळत असायचा. सदर साचा मी पामर यांनाच देत आहे. आता तो लपवून ठेवण्यातली त्यांची मजा तेवढी गेली.

कलम चौथे. ऑरिनच्या अकरा वह्या. या माझ्या नाहीत, पण त्या भरण्यात माझं आयुष्य गेलं असल्यामुळे मी त्यांच्याबद्दल लिहिणार. रस्त्याच्या कडेला इतिहासाची पाटी दिसली की ऑरिन थांबतो. मागे ट्रेलर असो, ट्रक असो, पाऊस असो. उतरून पाटी मोठ्याने वाचतो, ती कोणत्या साली कोणी लावली तेसुद्धा, आणि वहीत उतरवतो. एकदा नेब्रास्कात भर उन्हात थांबला. मी खिडकीतून विचारलं,

"काय झालं होतं इथे?"

"इथे काही नाही झालं. जिथे झालं ते इथून चार मैल आत आहे."

"मग आपण इथे का थांबलोय?"

"पाटी इथे आहे, व्हर्ना."

अशा माणसाबरोबर मी चोपन्न वर्षं सुखात काढली, हे मी शुद्धीवर असताना लिहीत आहे. वह्या शाळेच्या कपाटात ठेवाव्यात. कोणी वाचणार नाही, पण कोणी मागितल्या तर त्या तिथे असाव्यात.

कलम पाचवे. आमचा सतरा फुटी ट्रेलर. त्याचं नाव गुड्रून. हे माझ्या सासूबाईंचं नाव. जिथे जाऊ तिथे मागून येणार, चढावर कण्हणार आणि वळणावर आपलंच खरं करणार, म्हणून ऑरिननेच ते ठेवलं. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांना तो मान वाटला.

या कलमात मला एक कबुली द्यायची आहे. मृत्युपत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे, झडप नुसतं निमित्त.

गुड्रूनला पुढे कोणीही नेईल. तिला मागे घेणं हे दोन माणसांचं काम आहे. ऑरिनला कानाने कमी ऐकू येतं, धान्याच्या कोठारात काम करताना तिथल्या यंत्रांनी त्याचे कान नेले. त्यामुळे आमच्याकडे ओरडणं नाही. मागे एकाने भांडी पुसायचं पांढरं फडकं घेऊन उभं राहायचं. फडकं खाली हलवलं की ये, ये. दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलं की थांब. आणि एक नियम मी स्वतः केला होता, मुलं लहान असताना: गाडी मागे घेताना फडकं एकाच्याच हातात, बाकी सगळ्यांनी हात खिशात घालायचे. माशी बसली तरी हात खिशात. कारण आरशात बघणाऱ्याला माशी दिसत नाही, हात दिसतो.

२०१२ च्या जुलैमधला दुसरा रविवार. त्या दिवशी जुन्या शाळेच्या आवारातला हापसा पुन्हा सुरू व्हायचा होता. १९११ सालचा हापसा, ऑरिन आणि त्याचे वडील दोघंही त्याचं पाणी प्यायलेले. शाळेत शिकवणाऱ्या आमच्या लिनियाने दोन वर्षं खपून, सुटे भाग तीन राज्यांतून मिळवून तो उभा केला होता. आम्ही सगळे गुड्रूनसकट तिथे. ऑरिन भाषणाचा कागद शोधत होता, म्हणून ट्रेलर मागे घ्यायला कार्स्टन बसला. फडकं लिनियाच्या हातात.

आरशावर ऊन होतं. लिनियाने वेळेवर फडकं डोक्यावर ताणलं. आणि तिच्या मागे दहा पावलांवर मी टेबलावरचा पांढरा कपडा उचलून केकचा चुरा झटकत होते. खाली, वर, खाली, वर.

गुड्रून मागे येतच राहिली आणि हापसा बुडापासून मोडला.

"मी दोन्ही हातांनी वर धरलं होतं," लिनिया म्हणाली.

"पांढरं हलत होतं. मी डोळ्यांनी बघितलंय."

"तुला आरशात लहानपणापासून एकच तोंड दिसतं, कार्स्टन. तुझं स्वतःचं."

"आणि तुला वाटतं सगळं जग तुझ्या वर्गात बसलंय. ये म्हटलंस, आलो. आता फळ्यावर माझं नाव लिही."

दोघंही खरं बोलत होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. मी टेबलाच्या कपड्याची घडी घातली आणि टोपलीत ठेवली. त्या क्षणी बोलले असते तर सगळे हसले असते, हापसा काय पुन्हा बसवता आला असता. पण गावातली सगळी माणसं जमलेली, तो नियम माझा, आणि मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपसूक मिटेल. नाताळपर्यंत वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं म्हणतील. तेव्हापासून कार्स्टन नाताळच्या आदल्या दिवशी येतो आणि लिनिया नाताळच्या दिवशी. आम्ही उन्हाळ्यात आधी एकाच्या अंगणात ट्रेलर लावतो, मग दुसरीच्या. दोन्हीकडे आमचं कौतुक होतं, दोन्हीकडे नातवंडं गुड्रूनमध्येच झोपायचं म्हणून हट्ट धरतात. एका अंगणात दुसऱ्याचं नाव तेवढं निघत नाही. सहा वर्षं झाली.

चूक माझी होती. कार्स्टनची नाही, लिनियाची नाही. मी, व्हर्ना टोलेफसन, हात खिशात न घालता उभी होते.

सबब सदर ट्रेलर मी दोघांना मिळून देत आहे, वाटणी न करता. चाव्या कार्स्टनकडे, फडकं लिनियाकडे. अट अशी की दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी दोघांनी तो शाळेच्या आवारात न्यावा आणि मागे घेऊन लावावा. एकट्याने लावल्यास दोघांचाही हक्क जाईल आणि ट्रेलर पामर यांना मिळेल.

इथपर्यंत लिहून मी कागद ऑरिनला वाचायला दिला. त्याने पाटी वाचतो तसा तो मोठ्याने वाचला. मग चष्मा काढला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्या दिवसापासून. तो कपडा तू चार वेळा उलगडलास आणि चार वेळा घडी घातलीस."

"मग बोलला का नाहीस रे?"

"फडकं तुझ्या हातात होतं. मी हात खिशात घातले."

मला राग आला आणि रडूही आलं. कोणतं आधी ते आता सांगता येत नाही.

"पण हे ती दोघं कधी वाचणार?" त्याने विचारलं.

"मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ते."

"म्हणजे तू कुठे उभी असशील?"

मी पेनाला टोपण लावलं.

"आरशात दिसणार नाहीस, व्हर्ना. जो आरशात दिसत नाही त्याने खुणा करायच्या नाहीत. हाही तुझाच नियम."

मी कॉफी केली. कॉफी पिऊन कार्स्टनला फोन केला, मग लिनियाला. पुढच्या रविवारी इथे या म्हटलं, आणि दुसराही येणार आहे हे दोघांनाही सांगून टाकलं. फसवून बोलवायचं नव्हतं, सहा वर्षं केली तेवढी लबाडी पुरे. दोघांनीही "बघतो", "बघते" म्हटलं.

ती येतील न येतील, कलम पाचवे आहे तसंच राहील. ते लिहून मी सही करत आहे.

सही: व्हर्ना टोलेफसन
साक्षीदार: मार्लिस एंगेब्रेट, ड्वेन एंगेब्रेट (दोघेही शेजारच्या जागेवरचे. यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, हे मार्लिसने दोनदा विचारून घेतलं.)
स्थळ: तळ्याकाठचा ट्रेलर तळ, जागा क्रमांक चौदा
दिनांक: १४ सप्टेंबर २०१८

पुरवणी

मी, वर नमूद केलेली व्हर्ना टोलेफसन, अजूनही शुद्धीवर, वरील मृत्युपत्राला ही पुरवणी जोडत आहे.

दोघंही आली. कार्स्टन दहाला, लिनिया सव्वादहाला. लाकडी बाकाच्या दोन टोकांना बसली आणि मध्ये केक ठेवला होता त्याला कोणी हात लावला नाही. मी उभं राहून कलम पाचवे वाचलं. कबुलीपाशी थांबून पाणी प्यायले आणि पुढे वाचलं.

मग कार्स्टन म्हणाला, "म्हणजे सहा वर्षं मी हिला नाही नाही ते..."

"काय नाही नाही ते? तू काही बोलतच नव्हतास."

"मनात बोलत होतो."

"मग मीसुद्धा," लिनिया म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आई, ब्रिटाच्या लग्नात हा मागच्या रांगेत बसून जेवायच्या आधी निघून गेला. तू तिथे होतीस. तेव्हाही गप्प बसलीस?"

"हो."

"का?"

"भित्री आहे म्हणून."

ती उठली आणि तळ्याकडे गेली. पाऊण तास आली नाही. माझ्या मागे कोणी येऊ नका असं तिच्या पाठीवरच लिहिलं होतं. मी गेले नाही. तिला राग यायचा तो येऊ दे, तिचा हक्क आहे. कार्स्टनने केकचा एक तुकडा खाल्ला, मग दुसरा कापून बशीत ठेवला आणि वर दुसरी बशी पालथी घातली.

तळ पुढच्या आठवड्यात बंद होतो. गुड्रूनला घरी नेऊन छपराखाली लावायचं होतं, आणि ऑरिनची मान आता मागे वळत नाही. कार्स्टनने काही न विचारता ट्रेलर आपल्या पिकअपला जोडला. लिनिया परत आली, उभ्याउभ्या केक खाल्ला आणि आपली गाडी घेऊन आमच्या मागे घरापर्यंत आली. अजून ती माझ्याशी बोलत नव्हती. अंगणात पोचल्यावर कार्स्टन काच खाली करून नुसता बसून राहिला. तिने गुड्रूनचं दार उघडलं, भांड्यांजवळचं पांढरं फडकं काढलं, एकदा झटकलं आणि छपराजवळ डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली.

"दिसतेय का रे?"

"दिसतेयस."

ऑरिनने हात खिशात घातले. मी घराच्या पायऱ्यांपाशी होते. लिनियाने फडकं हलवायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"आई, हात खिशात."

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. गुड्रून सरळ आत गेली. डोक्यावर फडकं ताणलं गेलं आणि ती छपराच्या मागच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. असं तर ऑरिनलाही कधी जमलं नव्हतं, आणि ते त्याने कबूल केलं.

सबब कलम पाचव्यातली अट मी रद्द करत आहे. पामर यांनी ट्रेलरची आशा सोडावी. ट्रेलर दोघांचाच राहील. फडक्याबद्दल मात्र काही लिहायची गरज उरलेली नाही. लिनिया ते जाताना घेऊन गेली, आणि मोडलेला हापसा उपसून काढायला कार्स्टन पुढच्या शनिवारी तिच्याबरोबर जाणार आहे. मलाही बोलावलं आहे, लांब उभं राहायच्या अटीवर.

ही पुरवणी लिहिण्यापुरता उजवा हात खिशातून बाहेर काढला आहे.

सही: व्हर्ना टोलेफसन
साक्षीदार: मार्लिस एंगेब्रेट, ड्वेन एंगेब्रेट
स्थळ: ऑस्टबी, घरचं अंगण (साक्षीदारही उरलेला केक संपवायला मागोमाग आले)
दिनांक: २३ सप्टेंबर २०१८