एकसष्ट अंश

१४ मार्च

प्रिय धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आई बरी आहे. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायला मला वेळ नाही.

तुझं पाकीट मिळालं, फोटो पाहिले. एका देशात तुम्ही जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करून वर गावभर खोल्याही ऊबदार ठेवता, दुसऱ्यात ज्वालामुखीच्या पायथ्याशी वाफेसाठी विहिरी खोदता. आता हा तिसरा. तिथेही गरम झरा आहे आणि लोक अडून बसलेत, म्हणून झऱ्याला धक्का लागत नाही हे दाखवायला तुला माझी आकड्यांची वही हवी, आणि "ताई, मागच्यासारखं दोन ओळींचं पत्र". छान.

इथलं ऐक. आपला झरा कोमट झालाय. एकोणीस वर्षं दर रविवारी मी त्यात तापमापक बुडवला आणि आकडा वहीत लिहिला. एकसष्ट अंश, क्वचित साठ. गावात तुमचं वीजकेंद्र सुरू झाल्यापासून तो उतरत गेला; परवा चौतीस भरला. केंद्रात वापरून थंड झालेलं पाणी परत जमिनीत सोडायची विहीर लांब हवी होती. पाइप लांबवायला नको म्हणून तुम्ही ती झऱ्याच्या उशाशीच खोदलीत. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढं कळत नव्हतं असं समजू नकोस.

आईला सांगितलेलं नाही. रोज सकाळी हीटरवर पाणी तापवते आणि झऱ्याचं म्हणून तिचे पाय त्यात सोडते. म्हणजे झऱ्याची ऊब काढून केलेल्या विजेवर मी झरा तापवते. हस आता.

काल ती म्हणाली, "अगं, याला गंधकाचा वास नाही."

"तुझं नाक गेलंय."

"नाक शाबूत आहे माझं. धाकट्याला कळवू नकोस हो. जिवाला लावून घेईल."

घेशील?

लोकांना मी सांगते, भावाने त्या मागच्या पत्राचा कागद पुढे केला, मी न वाचता सही केली. साफ खोटं. 'झऱ्याचं तापमान मुळातच कमीजास्त होतं' हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं. तुझं नाव व्हावं म्हणून खाली सही ठोकली.

वही पाठवली आहे. तुला नव्हे, तिथे अडून बसलेल्यांना. त्यांच्या तक्रारीचा कागद तूच पाकिटात घातला होतास, पत्ता त्यावरच मिळाला. सोबत दोन ओळी आहेत: वहीतले आकडे खरे, मागचं पत्र खोटं. तुझी नोकरी बहुधा जाईल. माझी अब्रू तर जाईलच. घरी आलास तर पाय शेकायला पाणी तापवून देईन.

खालची सही नीट बघ. तुझ्या अहवालाला जोडलेल्या पत्रावर आहे तीच.

ताई