पहिला घास

शिरूर अनंतपाळ,
२ मार्च २०२५

ती. अप्पांस,
शिल्पाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही आणि तुमचं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून तेलाच्या डब्यासोबत हे पत्र. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जरा चालता, की नुसता वहिनीकडं चहा मागत बसता, ते कळवा.

करडईचा हंगाम सुरू झालाय. मोटारीचा पट्टा बदलला, घाणा नीट चाललाय. सकाळी घाण्याची लाट फिरायला लागली की मला अजून झोप येते. लहानपणी आई मला पेंडीच्या पोत्यावर निजवायची ना, त्याची सवय. वह्यांवरच्या तेलाच्या डागांवरून शाळेत बोलणी खाल्ली, तरी तो वास मला कधी नकोसा झाला नाही.

शिवादादाचा फोन होता. म्हणाला, अप्पा आता नांदेडलाच राहतील, घाण्याची जागा मोबाईलच्या दुकानाला भाड्यानं देऊ, तू कशाला तेलात हात घालतेस. मी म्हटलं, अप्पा सांगतील तसं. पण अप्पा, मला घाणा चालवायचाय. तुम्ही नाही म्हणून सांभाळायचा नाही, माझा म्हणून चालवायचाय. समोर बसून हे कधी बोलता आलं नसतं.

लोभ ठेवावा. रागवायचं असेल तर इथं येऊन रागवा.
तुमची,
शिल्पा


नांदेड,
७ मार्च २०२५

चि. शिल्पास अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. तेल चांगलं निवळलंय. गुडघा बरा हाय. शिवशंकर रोज जिना चढायला लावतो, लहानपणी मी त्याला पोती उचलायला लावली त्याचा सूड घेऊन राहिला.

त्याचं म्हणणं वाईट न्हाई. तुझी काळजी हाय त्याला. जागा बघायला त्यानं एक माणूस धाडलाय, आला तर चहा पाज. मी अजून हो म्हणलो न्हाई, न्हाईबी म्हणलो न्हाई.

घाणा म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हं. शेंगदाणा काढला की घरची करडई टाकून घाणा धुवायचा, मगच दुसऱ्याचं बी घालायचं. नवं तेल गिऱ्हाईकासमोर गरम भाकरीवर ओतायचं. पहिला घास घाण्याच्या मालकाचा, दुसरा गिऱ्हाईकाचा, मगच डबा भरायचा. या हंगामात माझ्या जागी तू खा. पुढचं बघू.

माया हाय, ती लिहायची सवय न्हाई.
अप्पा


शिरूर अनंतपाळ,
१६ मार्च २०२५

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच कळवते. काल दादाचा माणूस आला. टेप काढून भिंती मोजायला लागला. त्याच वेळी किल्लारीकडून साखराबाई तिची करडई घेऊन आली. सकाळी शेंगदाणा काढलेला होता. माझं सगळं लक्ष त्या टेपेकडं. घाणा न धुताच मी साखराबाईचं बी घातलं.

भाकरीचा घास तोंडात घातला आणि मला शेंगदाणा लागला, अगदी पुसट. साखराबाईनं दुसरा घास खाल्ला, मान डोलावली आणि लवकर डबा भर, जीप जाईल म्हणाली. तो माणूस तिथंच उभा. तरी मी सांगितलं की माझी चूक झाली, हे तेल मी देत नाही.

मग तिनं जे तोंड सोडलं! शरणप्पाच्या पोरीला एवढंही कळत नाही का, मला बसवून ठेवायला मी काय पोरगी बघायला आले होते का, असं बरंच. पण बसून राहिली. तेवढ्या बियाच्या बदल्यात आपली करडई दिली, घाणा धुतला, तिच्या उरलेल्या बियाचं तेल काढलं. जीप गेलीच. रात्री आपल्याकडंच राहिली आणि माझ्या पिठल्यालाही नावं ठेवून गेली.

दादाच्या माणसानं भाकरी मागून खाल्ली, दोन बाटल्या तेल घेतलं आणि टेप इथंच विसरून गेला. खुंटीला लटकतेय. आता जागेचं तुम्ही ठरवाल ते मला मान्य.

लोभ थोडा कमी झाला असेल तर तसंही कळवा.
शिल्पा


नांदेड,
२२ मार्च २०२५

चि. शिल्पास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना दोनदा चष्मा पुसावा लागला. सूनबाईला वाटलं काच खराब झाली, ती नवा करायला निघाली.

घाणा धुवायचा राहिला, हे चुकलंच. आल्यावर त्याबद्दल लई बोलणार हाय, तयार राहा. पण गिऱ्हाईक खूष, जीप दारात, जागा बघणारा समोर, आणि तू तोंडातल्या घासावरून डबा अडवलास. गप्प बसली असतीस तर कुणालाच कळलं नसतं. मलाबी न्हाई.

शिवशंकरला पत्र वाचायला दिलं. त्यानं घडी घालून परत दिलं. मग म्हणाला, त्या माणसाला आता काय सांगू. मी म्हणलं, टेप शिरूरहून आणून दे आणि जागा रिकामी न्हाई म्हणून सांग. तो हसला. पाडव्याला तोच मला घेऊन येतोय.

येताना थोडी करडई आणीन. गिऱ्हाईकाचं बाकडं पुसून ठेव, मी तिथं बसणार. घाणा आधी धू. भाकरी गरम पाहिजे. पहिला घास तू घे, मी दुसरा खाईन.

लिहायची सवय न्हाई, तरी लिहितो, लई माया हाय.
अप्पा