लाल चिंधीचं बेणं

कासुंगु,
१८ ऑक्टोबर १९८७

ती. आईस,
तेम्वाचा गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

तुझी सुकी उसिपा मासळी पोचली. दोन दिवस बसच्या टपावर भाजून निघालेलं ते गाठोडं मी उतरवून घेतलं, तेव्हा कंडक्टर म्हणाला की बाई, आता तरी बसमधल्या लोकांना श्वास घेऊ द्या. तुझ्या जावयाने, लॅक्सनने, पहिला घास नाक धरून खाल्ला. दुसऱ्या दिवशी वर्गावरून आल्या आल्या विचारतो कसा, ती घाणेरडी मासळी उरली आहे का!

इथे उन्हाने कहर केला आहे. शाळेच्या पत्र्याखाली मुलं पेंगतात, म्हणून लॅक्सन त्यांना आंब्याखाली बसवून शिकवतो. माझे टोमॅटो करपले, भोपळ्याचा वेल गेला. आंघोळीचं पाणी वळवून मोहरीचा पाला कसाबसा जगवला आहे. तुझ्या नातीला, लुसुंगुला, चार वर्षं पुरी झाली, पण अंगावर कपडा ठेवत नाही. दिवसभर पाण्याच्या माठाला गाल लावून बसते.

बागेत तग धरून आहे तो फक्त तुझा कसावा. सासूबाई ऑगस्टपासून इथेच आहेत. त्यांच्या मते कसावा म्हणजे दुष्काळातलं खाणं, मक्याची कणगी रिकामी झाली की मग आठवायचं. तू मका खाणाऱ्यांना कोंबड्या म्हणतेस ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, घरात शांतता हवी आहे.

पण खरं सांगायचं तर तो कसावा त्यांच्याच हातचा आहे. गेल्या डिसेंबरात तू बेण्याच्या दोन मोळ्या देऊन गेलीस आणि त्याच संध्याकाळी मला हिवताप भरला. तेव्हा त्या इथेच होत्या, त्यांनी सगळी लागवड केली. दोन्ही मोळ्या सोडून, कांड्या एकत्र करून, स्वयंपाकघरापासून कुंपणापर्यंत सुतासारख्या सरळ रांगा लावल्या. एका मोळीला तू लाल चिंधी बांधली होतीस ती त्यांनी खुडूक कोंबडीच्या पायात अडकवली. तू त्या चिंधीबद्दल काहीतरी सांगितलं होतंस, पण तापात डोक्यातून गेलं ते गेलंच.

येत्या शनिवारी पहिले कंद काढणार आहोत. उकडून, मीठ लावून, चहाबरोबर. लुसुंगुला दम निघत नाही, रोज एकेका झाडाखाली उकरून बघते. नाताळला आम्ही येतोच आहोत, तोवर माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
तेम्वा

*

बांडावे,
२४ ऑक्टोबर १९८७

चि. तेम्वास,
आशीर्वाद. बाकीचं सगळं नंतर. कसावा खाऊ नका.

तुझं पत्र आज दुपारी मिशनच्या टपालातून आणलं. रस्त्यातच उघडलं, आणि चिंधीपर्यंत आले तशी तिथेच धुळीत बसले. आज शनिवार आहे, बाळा.

लाल चिंधीची मोळी कडू कसाव्याची होती. कडू बेणं कुंपणाशी लावायचं, म्हणजे डुकरं, बकऱ्या आणि भुरटे चोर नादी लागत नाहीत, आणि त्याचं पीठ करून तुला इथल्यासारखा घट्ट लगदा खाता येईल, एवढाच माझा विचार. ते कंद सोलून चार दिवस पाण्यात भिजवतात, मऊ पडून नासल्यासारखा वास आला की खडकावर वाळवतात आणि मग कांडतात. नुसते उकडून ते कोणी खात नाही. खाल्ले तर ते विष आहे. आणि यंदासारख्या कोरड्या सालात दुप्पट विष.

तू म्हणशील, मला कसं माहीत नाही? दहाव्या वर्षी तुला बोर्डिंगात घातलं ती मीच. पाण्यात कंद टाकायला शिकायच्या वयात तू भूगोल शिकत होतीस. आणि जे सांगायचं ते मी कधी सांगितलं, तर बसमध्ये पाय ठेवताना, तू अंगात कणकण घेऊन उभी असताना. असं काही घाईघाईने सांगायचं असतं का? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

झाडं बघून ओळखायला जाऊ नका, या उन्हात सगळी पानं सारखीच दिसतात. चव घेऊन बघायलाही जाऊ नका. रांगेतला एकही कंद तोंडात जाता कामा नये. लुसुंगुला परसात एकटी सोडू नकोस, ती उकरते असं तूच लिहिलं आहेस.

टपालकचेरीतल्या टेलिफोनवरून शाळेला लावून बघितलं, तार तुटलेली आहे म्हणाले. डिझेल नसल्याने सोमवारपर्यंत बस नाही. सोमवारच्या बसचा कंडक्टर क्लेमंट लोंग्वे आपल्याकडचा आहे, त्याच्या हाती हे देते. पाकिटावर बाहेरूनच मोठ्या अक्षरात ‘कसावा खाऊ नका’ असं लिहिलं आहे, म्हणजे ज्याच्या हाती पडेल त्याला आधी तेच दिसेल. मला जागा मिळाली तर मीच येईन.

देवा, त्यांनी आज खणलेलं नसू दे.

तुझी आई,
एनेलेसी

*

कासुंगु, सरकारी दवाखाना,
२६ ऑक्टोबर १९८७

ती. आईस,
नमस्कार. तुझं पत्र अजून आलेलं नाही आणि मला तर आत्ताच्या आत्ता तू हवी आहेस.

लुसुंगु शनिवारपासून इथे आहे. सकाळी आम्ही कंद काढले, सासूबाईंनी उकडले, नाश्ता झाला. मी आणि लॅक्सनने आपापल्या ताटातलं संपवलं आणि बाजारात गेलो. आजी-नाती दोघी अजून खातच होत्या. परत आलो तर पोर परसात उलट्या करत होती. उभी राहायला जायची आणि दारू प्यालेल्या माणसासारखी एका बाजूला कलंडायची. ओठ निळसर झाले. दवाखान्यात येईपर्यंत माझ्या खांद्यावर ती मान टाकून होती आणि मी दर दहा पावलांना तिच्या नाकाशी बोट धरत होते. आई, मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

डॉक्टर आधी हिवताप म्हणाले, पण रक्त स्वच्छ निघालं. आता म्हणतात उन्हाचा झटका. सलाईन लावलं आहे. काल डोळे उघडले, मला ओळखलं, पण बोलत नाही. सासूबाईंनाही परवा ऊन लागलं होतं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. इतकी ताठ बाई, पण आता डोळे वर करत नाही.

त्या रोज दोनदा डबा घेऊन येतात. शनिवारचे कंद टोपलीभर उरले आहेत, तेच उकडून, मऊ कुस्करून आणतात. पोरीला आवडतं ते दिलं तर तोंड उघडेल असं मीच त्यांना सांगितलं आहे. अजून तरी ती ओठ मिटून घेते. डॉक्टर म्हणाले, भूक लागणं हीच आता बरं होण्याची खूण. मी त्या भुकेची वाट बघत बसले आहे.

प्रार्थनेत तिचं नाव घे.

तुझी,
तेम्वा

*

म्झुझु, बसथांबा,
२७ ऑक्टोबर १९८७

चि. तेम्वास,
आशीर्वाद. काल क्लेमंटच्याच बसमध्ये चढले होते. इथे येऊन बस मोडली. तो माझं पाकीट घेऊन तंबाखूच्या ट्रकवर चढून पुढे गेला, बायकांना ट्रकवर घेत नाहीत म्हणून मी मागे राहिले. काल दुपारपासून या बाकावर बसून आहे. शेजारच्या बाईने उकडलेला कसावा पुढे केला, अगदी चांगला, गोडा, आणि मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. हे पत्र तुला कशासाठी लिहिते आहे कोण जाणे. हात रिकामे ठेवले की नको ते दिसतं.

आई

*

कासुंगु,
३० ऑक्टोबर १९८७

ती. आईस,
गुडघे टेकून नमस्कार. आधी हे वाच: लुसुंगु वाचली. घरी आली आहे, चालते आहे, काल तिने मांजराची शेपटी ओढली.

पुढची बस मिळेना म्हणून तू म्झुझुहून परत गेलीस, हे काल तिकडून आलेल्या बसवाल्याने सांगितलं. आता पुढचं ऐक. क्लेमंटदादा मंगळवारी दुपारी इथे उतरले, घराला कुलूप दिसलं, शेजारणीने दवाखान्याची वाट दाखवली. त्या वेळी मी नळावर फडकी धूत होते. नेमकी तेव्हाच लुसुंगुने खायला मागितलं होतं. तीन दिवसांनी पहिल्यांदा! सासूबाईंनी चमचा भरून तिच्या तोंडाशी नेला होता. दादांनी आधी पाकीट दाखवलं, पण सासूबाईंना वाचता कुठे येतं? मग त्यांनी त्या म्हाताऱ्या बाईच्या हातावर फटका मारून वाटी उडवली. अख्खा वॉर्ड किंचाळला. मी धावत आले तर भिंतीवर कसावा आणि मध्ये एक परका माणूस पाकीट उंच धरून उभा.

डॉक्टरांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, आता सगळं जुळलं. तो चमचा पोटात गेला असता तर त्या अशक्त जिवाला झेपला नसता. मला आणि लॅक्सनला गोडे कंद आले, हा नुसता नशिबाचा भाग. सगळ्या रांगा उपटून खोल खड्ड्यात पुरल्या.

पण घरात बरं नाही. लॅक्सनच्या मावश्या आल्या होत्या. तलावाकाठचे लोक विष शेतात पिकवतात आणि लेकीबरोबर आंदण देतात, असं मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात बोलल्या. लॅक्सन त्यांच्यावर ओरडला तेव्हा थांबल्या. सासूबाई मात्र माझ्यासमोर बसतच नाहीत. चारचौघांत हातावर फटका बसला याचाच अपमान असणार. मी पाया पडून माफी मागितली, तर उठून परसात गेल्या. मला त्यांची भीती वाटायला लागली आहे. त्या तुला कधी क्षमा करतील असं वाटत नाही. मी काय करू ते कळव, आणि या वेड्या मुलीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
तेम्वा

*

कासुंगु,
६ नोव्हेंबर १९८७

विहीणबाई एनेलेसी म्फांडे यांना,
नाफिरीचा टाळी वाजवून, वाकून नमस्कार. वि. वि.

हे पत्र एक नर्स लिहून घेते आहे. ती आमच्या ओळखीची नाही, म्हणूनच तिला बसवली आहे. घरातल्या कोणाला यातलं काही माहीत नाही.

तुम्ही माझ्यावर रागावला असाल की मी तुमच्या मोळ्या सोडून एक केल्या. त्याचा दोष माझाच, पण तो अजाणतेपणाचा. मला दुसरंच सांगायचं आहे.

शनिवारी मी पहिला घास घेतला तो कडू होता. जीभ आखडण्याइतका कडू. पण आमच्यात विहिणीकडून आलेलं ताटात पडलं की थुंकत नाहीत. मी नवी नवरी असताना माझ्या बापाने व्याह्यांच्या घरची आंबलेली पेज पाहुण्यांसमोर ओतून दिली, तर दोन घरं सहा वर्षं एकमेकांच्या मयताला गेली नाहीत. मला वाटलं, तलावाकडच्या लोकांना असंच आवडत असेल. मुळात मी तुमच्या खाण्याला नावं ठेवलेली, सून ते विसरलेली नाही. आता थुंकले तर म्हणेल, म्हातारी मुद्दाम करते. म्हणून गिळलं.

मग दोघं बाजारात गेली आणि लुसुंगुने तिचा घास थुंकला. आजी, कडू आहे, म्हणाली. दोनदा थुंकला, विहीणबाई. मी तिला रागावले. तुझ्या आईच्या आईने एवढ्या लांबून आणलेलं आहे, तिची लाज काढतेस का, असं म्हणून मी तिचं तोंड धरलं आणि ताट रिकामं होईपर्यंत भरवलं. ती रडत रडत गिळत होती.

मी आजारी पडले तेव्हाही मला वाटलं ऊन लागलं. मंगळवारी त्या माणसाने माझ्या हातावर मारलं, आणि डॉक्टरांनी पत्र वाचून दाखवलं, तेव्हा मला तिचं ते रडणं आठवलं. तेव्हापासून मी सुनेच्या समोर बसू शकत नाही. ती माझ्या पाया पडली. माझ्या!

पोरगी आता मी काहीही दिलं की हसत हसत खाते. मागचं सगळं विसरली आहे. त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते.

तेम्वाला सांगायचं का, ते तुम्ही ठरवा. तुम्ही सांगाल ते मी करीन. जमलं तर मला विहीण म्हणत राहा.

नाफिरी

*

बांडावे,
१४ नोव्हेंबर १९८७

विहीणबाई नाफिरी यांना,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र उभ्यानेच वाचलं. पहिल्यांदा तुमचा राग आला, खोटं कशाला सांगू. पत्र आपटून विहिरीवर गेले, घागर भरली आणि न उचलताच तशीच उभी राहिले. मग मनात आलं, तुमच्या हातची बेचव मक्याची लापशी मी दर भेटीत दोन वाट्या संपवते आणि वर वा म्हणते. माझ्या समोर लुसुंगुने ती थुंकली असती, तर मीही तिचं तोंड धरलं असतं. बहुतेक मांडीवर घेऊन, लाडाने धरलं असतं, इतकाच फरक.

तेम्वाला सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगायचं. मी सोमवारच्या बसने निघते आहे. तुम्ही बोलाल तेव्हा मी तुमच्या बाजूला बसेन, तिच्या नाही. ती ओरडेल, रडेल, कदाचित काही दिवस आपल्या दोघींशी बोलणार नाही. तेवढं सोसू.

त्यानंतर आपण दोघींनी मिळून एक काम करायचं आहे. पोरीला अंगणात बसवायचं, तिला काहीतरी निर्धोक पण कडूजहर द्यायचं, तुम्ही एक घास आणि मी एक घास. आणि ती थुंकायला लागेपर्यंत, आपल्या तोंडासमोर, बेधडक थुंकायला लागेपर्यंत, तिला उठू द्यायचं नाही.

तुमची विहीण,
एनेलेसी