बुचाचा आवाज

प्रिय ठकू,

तुझं पत्र पोचलं. उत्तर लिहायला बसलो की कागद फाडत होतो, म्हणून उशीर. इकडे खालच्या उतारावरच्या द्राक्षांची तोडणी आटोपली. बांधापलीकडचं जे रान तू हट्टानं राखायला लावलंस, त्यात आता साळिंदरं मुक्कामाला आलीत आणि खालचे घोस फस्त करतात. मालक कुरकुरतात, पण बाटलीवर कोल्हीचं चित्र आहे तोवर कुरकुरण्यापलीकडे काय करणार? त्या चित्रावर वाइन खपते आणि त्यातूनच तुझ्या जखमी प्राण्यांचं खाणंपिणं, औषधपाणी निघतं.

कोल्ही बरी आहे. तिला आता अगदी तुझ्या नियमानं खायला घालतात. तोंडाला फडकं, पडद्याआडून ताटली, वेळ रोज वेगळी, तोंडातून शब्द नाही. माणसाचा लळा लागला तर ती रानात जगायची नाही, असं तू शिकायला जाताना मला बजावलं होतंस. मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात तुझा बाप पहिल्यापासून हुशार.

तिला रानात सोडायला पिंजरा उघडला त्या दिवशी तू फोनवरून बघत होतीस, पण सगळं दिसलं नसेल तुला. पाहुणे जमले होते, कोल्हा आणि द्राक्षांवरून जो विनोद व्हायचा तो होऊन गेला होता. दार उघडल्यावर ती वेलींच्या ओळींमधून सुसाट सुटली, थेट बांधापर्यंत. मालकांनी मला खूण केली म्हणून मी बाटली उघडली. बूच निघाल्याचा आवाज झाला आणि ती वळली. आली ती सरळ माझ्या पायाशी येऊन बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ती का वळली हे त्या गर्दीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तू गेल्यावर घर खायला उठलं गं. रोज संध्याकाळी एक बाटली उघडून चव बघायची, हे माझं कामच. ते मी पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून करायला लागलो. बूच काढायचं, वास घ्यायचा, मग तिला उकडलेलं अंडं. आधी पडद्याखालून सरकवायचो, पुढे हातानंच. यंदा रस पातळ आहे, गुडघा धरलाय, असलं काहीबाही तिला सांगत बसायचो. एकदा बोलता बोलता तिला ठकू म्हणून हाक गेली. तिनं कान टवकारले. मग रोज तेच नाव.

त्या दिवशी फोनवर तू रडलीस. ‘मीच घाई केली, आणखी महिनाभर थांबायला हवं होतं,’ म्हणालीस. आणि मी, होतं असं कधीकधी, म्हणून फोन ठेवला. लाज वाटायला हवी होती. तेव्हापासून वाटतेच आहे.

आता तू लिहितेस की प्राण्यांचं हे काम तुझ्या हातचं नाही, शहरातल्या प्रयोगशाळेच्या नोकरीला होकार कळवणार आहेस. म्हणून हे पत्र. तुझं काही चुकलं नव्हतं, ठकू. तिला मी बिघडवलं. हे वाचून तू परत येशील आणि मला नेमकं तेच हवंय, त्यामुळे खरं सांगतानाही मान वर होत नाही. नोकरी करायची तर जरूर कर, पण माझं पाप आपल्या माथ्यावर घेऊन नको. पिंजऱ्याची किल्ली मी प्राण्यांना बघायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे दिली आहे. त्या म्हणतात, ही आता जन्मभर पिंजऱ्यातच राहणार. मी हल्ली तळघरात दार लावून बाटली उघडतो. तरी संध्याकाळ झाली की ती जाळीशी येऊन बसते, असं त्या सांगतात.

तुझाच,
बाबा