सासरच्या गावात वाजलेली शिट्टी

आदरणीय विंकोदाजी यांना,

मिलुतिनचा नमस्कार. (दार आतून लावून आणि पडदे ओढून केलेला आहे, पण मनापासून आहे.) तुमची तब्येत, रक्तदाब आणि विशेषतः तो उजवा गुडघा, जो मागच्या खेपेला आमचा जिना चढताना कुरकुरत होता, हे सगळं ठीक असेल अशी आशा करतो. ल्युबिंकाताईला नमस्कार, मुलींना गोड पापा. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. याहून चांगली बातमी या महिन्यात माझ्याकडे नाही.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. तर त्या सामन्यापासून तुमचा मारिबोरहून आलेला फोन घरात कुणी उचलायचा नाही, असा बाबांचा हुकूम आहे, आणि स्वतः ते फोनशेजारच्या खुर्चीतच मुक्काम ठोकून आहेत. आधी एक पत्र लिहिलं, तर पोस्टातल्या देसांकाबाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तिकिटं संपली म्हणाल्या. (तिकिटांचा गठ्ठा त्यांच्या कोपराखाली होता. मला दिसत होता. मला दिसतोय हे त्यांनाही दिसत होतं.) शेवटी तीस किलोमीटर गाडी हाकत शेजारच्या गावी जाऊन हे पत्र टाकणार आहे. म्हणून पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही. घाबरू नका, धमकीचं पत्र नाही.

दाजी, तुम्ही डोंगराकडची माणसं. हिवाळा आला की पायाला फळ्या बांधून उतारावरून घसरता आणि आनंदात घरी येता. आमच्याकडे मोरावा नदीच्या काठी बास्केटबॉल सोडून दुसरं काही नाही, हे ताईने तुम्हाला लग्नाआधी सांगायला हवं होतं. त्यात गेल्या वर्षी आम्ही आमची लीग जिंकली आणि युरोपातल्या अठरा बड्या संघांच्या यादीत आमच्या गावाचं नाव छापून आलं, तेव्हा पहिला धक्का बसला. लोक यादी कापून पाकिटात ठेवू लागले. ऑक्टोबरात दुसरा धक्का: पहिल्या दहा सामन्यांतले आठ हरलो. माद्रिदला अडतीस गुणांनी. इस्तंबूलला तर आमचा संघ आधी रस्त्यात हरवला आणि मग मैदानात हरला. बाबा दर वेळी टीव्ही बंद करायचे, "आपल्याला हा खेळ येत नाही, आपण बुद्धिबळ खेळावं," असं म्हणायचे आणि दोन मिनिटांनी टीव्ही परत लावायचे.

पण डिसेंबरात काय झालं कोण जाणे, पोरं जिंकायला लागली. तेच माद्रिद इथे आलं आणि हरून गेलं. त्या रात्री आमच्या पाद्रीबाबांनी घंटा वाजवली आणि दुसऱ्या दिवशी दोरी आपोआप ओढली गेली असं बिशपना कळवलं. कर्णधार वुकोता (चौतीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, शाळेत बाबांचाच विद्यार्थी) असा खेळत होता की बायका त्याच्या आईला रस्त्यात थांबवून तिचा हात हातात घ्यायच्या. एप्रिल आला तेव्हा तेहतीस सामन्यांत सोळा विजय होते. चौतिसावा, शेवटचा, आमच्याच हॉलमध्ये, इटालियन पाहुण्यांशी. जिंकलो की पहिल्या दहांत, हरलो की घरी. हॉल पाच हजारांचा. त्या शुक्रवारी आत किती होते ते मोजायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

आणि तीन रेफ्री मैदानात आले, त्यातले मधले तुम्ही.

दाजी, मी गुरांचा डॉक्टर आहे. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून मी शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू शकतो. पण त्या क्षणी शेजाऱ्याने काय विचारलं तेही मला कळलं नाही. स्वतःच्या देशाचा सामना रेफ्रीला देत नाहीत हे मला ठाऊक होतं. सासरच्या गावाबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही हे ठाऊक नव्हतं. (तुम्ही वर कळवलं होतंत, आणि "बायको खेळणार आहे का?" असं उत्तर आलं, हे ताईने त्या रात्री, फोनबंदीचा हुकूम निघण्याआधी सांगितलं. ठीक आहे. पण सासरा खेळणार आहे का, हे विचारायचं राहिलं ना?) मी टोपी भुवयांपर्यंत ओढली. बाबांना काही बोललो नाही. त्यांचं एक तत्त्व आहे, चाळीस वर्षं पोरांना तेच शिकवत आले: रेफ्री म्हणजे हवा, तिच्याकडे बघत बसायचं नसतं. ते फक्त चेंडू बघतात. एकोणचाळीस मिनिटं अठ्ठावन्न सेकंद त्यांनी चेंडू बघितला आणि मी छताकडे बघत प्रार्थना केली. आम्ही एका गुणाने पुढे होतो.

मग तुमची शिट्टी वाजली.

फाऊल, वुकोताचा. इटालियनाला दोन फ्री थ्रो. हॉलमध्ये जो हलकल्लोळ उसळला त्यात बाबा उठून उभे राहिले, जन्मात पहिल्यांदा रेफ्रीच्या दिशेने हात उगारला आणि गरजले, "ज्या आंधळ्याने तुला पोरगी दिली, त्याच्या डोक्यावर छप्पर कोसळो!"

मी त्यांची बाही ओढली. त्यांना ऐकू जाईना. पहिला चेंडू आत गेला. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळा जीव एकवटून ओरडलो, आणि नेमका त्याच क्षणी दुसरा चेंडू जाळीतून पडला आणि हॉलचं तोंड कुणी उशीने दाबावं तसा आवाज बंद झाला. त्या शांततेत माझा एकट्याचा आवाज घुमला: "बाबा, पोरगी तुम्हीच दिलीत! तो आपला विंको आहे!"

पुढची रांग वळली. मग तिच्या पुढची. आपलं कुटुंब कोणत्या मेहुण्याने जाहीर केलं, हे आता तुम्हाला कळलंच. बाबांनी तुमच्याकडे निरखून बघितलं, चष्मा वर सरकवून परत बघितलं, आणि मग खाली बसले.

सामना एका गुणाने हरलो, आणि त्यानंतरचे नऊ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. घरी आल्याबरोबर बाबांनी तुमच्या लग्नाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. (ताईसुद्धा त्यात आहे, ती का शिक्षा भोगतेय, असं मी विचारलं.) बेकरीत मला रोज तळ जळालेला पाव मिळू लागला. आणि आपला रादिवोये, जो तुमच्या लग्नात कुम, म्हणजे साक्षीदार, म्हणून चर्चमध्ये ताईच्या शेजारी उभा होता, तो कफान्यात, खाणं-पिणं चालू असताना, सगळ्यांसमोर म्हणाला की त्या दिवशी आपण शुद्धीत नव्हतो, तेव्हा ते लग्न लागलं की नाही हे जरा तपासून बघावं. तुमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, दाजी!

पण खरा धक्का तिहोमिरच्या गोठ्यात. पहाटे त्याच्या बायकोचा, स्तामेनाचा फोन आला: डुकरीण अडलीय, लगेच या. मी पोचलो तर तिहोमिर फाटकात दोन्ही हात पसरून उभा.

"तू नाही," तो म्हणाला. "त्या शिट्टीवाल्याचा मेव्हणा माझ्या डुकरिणीला हात लावणार नाही."

"तिहोमिर, ती मरेल."

"मरेल, पण इज्जतीत मरेल."

माणूस मनापासून बोलत होता, डोळ्यांत पाणी होतं. मग मागून स्तामेना आली, त्याला कॉलरला धरून बाजूला केलं आणि म्हणाली, "इज्जत तुझी आहे, डुकरीण माझी आहे. डॉक्टर, आत चला." दीड तास लागला. एक पिल्लू आडवं अडकलं होतं. ते वळवल्यावर बाकीची भराभर आली. अकरा! तिहोमिर चौकटीत उभा राहून मोजत होता. शेवटचं हललं तेव्हा त्याने माझ्या हातावर पाणी घातलं, टॉवेल दिला आणि तोंड दुसरीकडे फिरवून पुटपुटला, "हात चांगला आहे तुझा. शिट्टी तुझ्या हातात असायला हवी होती." आमच्याकडे त्या आठवड्यात माझ्याशी कुणी बोललेलं हे सर्वांत प्रेमळ वाक्य.

इकडे बाबा. सकाळी उठायचे, सूर्यफुलाच्या बियांची पिशवी मांडीवर घ्यायचे आणि त्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावायचे. पुढे, मागे, थांब. पुढे, मागे, थांब. जेवण तिथेच. बोलणं बंद. चौथ्या दिवशी मला भीती वाटली म्हणून मी त्यांची नाडी बघितली. त्यांनी हात झटकला आणि आपण बैल नाही अशा अर्थी माझ्याकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, दाजी. रविवारी फोनवर ताईशी गप्पा मारल्याशिवाय ज्याला दुपारची झोप लागत नाही, तो रविवारी फोन वाजताना बघत बसला. वाजून वाजून थांबला. मग बराच वेळ थांबलेल्या फोनकडेच बघत होता. मला तिथे उभं राहवेना.

दहाव्या दिवशी सकाळी करडा कोट घालून ते म्हणाले, "चल." नदीकाठच्या कफान्यात गेलो. सगळं गाव तिथे: रादिवोये, तिहोमिर, देसांकाबाईंचा नवरा, आणि कोपऱ्यात कॉफीसमोर वुकोता. बाबा बसले नाहीत. मधोमध उभे राहून, वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात म्हणाले, "फाऊल होता."

दाजी, चमचा पडल्याचा आवाज ऐकू येतो म्हणतात. तिथे चमचाही पडला नाही. तो रादिवोयेच्या हातात हवेतच राहिला.

"मास्तर," तिहोमिर सांभाळून म्हणाला, "जावई आहे तुमचा, आम्ही समजू शकतो..."

"जावयाची बाजू घ्यायला मी आलेलो नाही!" बाबा कडाडले. "मी शर्टाबद्दल बोलतोय. डावा हात, दोन बोटं, शर्टाची मागची कड. नऊ दिवस बघतोय. आठ दिवस, नव्हता हे सिद्ध करायला बघत होतो. नवव्या दिवशी दिसला." मग कोपऱ्याकडे वळले. "वुकोता, उभा रहा."

दोन मीटर चार सेंटीमीटरचा तो माणूस सातवीतल्या पोरासारखा उभा राहिला.

"धरला होतास?"

वुकोताने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "धरला होता, सर."

"का?"

"घाबरलो, सर. इतक्या जवळ आलो होतो. माझा हा शेवटचाच हंगाम." आणि रडू लागला. भर कफान्यात, आमचा कर्णधार. कुणी खाली बघत होतं, कुणी नदीकडे. बाबा त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवायला गेले, पण हात पोचेना. मग कोपरावरच थोपटत राहिले. म्हणाले, "तेहतीस सामने तू नाही धरलास. ते मी बघितलंय." एवढंच.

थोड्या वेळाने रादिवोयेने घसा साफ केला आणि कबूल केलं की लग्नाच्या दिवशी तो बऱ्यापैकी शुद्धीत होता. आज बेकरीत पाव जळालेला नव्हता. फोटो मात्र अजून भिंतीकडेच बघतोय.

तर दाजी, येत्या सहा मेला आपल्या घराच्या संताचा दिवस, स्लावा आहे. स्लावाला आमच्यात कुणाला बोलावत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, हे तुम्ही सोळा वर्षं बघत आहात. म्हणून मी बोलावत नाही. येऊ नका असंही म्हणत नाही. कोबीच्या पानांत गुंडाळलेली सार्मा नेहमीइतकीच होणार आहे. या वर्षी जरा विश्रांती घेतलीत, गुडघ्याचं निमित्त केलंत, तरी मला पूर्ण समजेल. निर्णय तुमचा.

ताईला जप म्हणावं.

तुमचा,
मिलुतिन

ता. क. आता पत्र संपलंच आहे तर सांगून टाकतो. मी तिसऱ्या रांगेत होतो, फाऊल झाला त्याच कोपऱ्यात, आणि तेवढ्या क्षणी छताकडे बघत नव्हतो. शर्ट धरलेला मला त्याच वेळी दिसला होता. स्वच्छ. नऊ दिवस मी जळका पाव खाल्ला पण तोंड उघडलं नाही. हे बाबांना कळू देऊ नका, आणि जमल्यास मला माफ करा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाबा आत आले. कुणाला लिहितोयस हे त्यांनी विचारलं नाही. माझ्यासमोर चार कागद ठेवले आणि "यातच घाल" म्हणाले. सोबत जोडले आहेत. त्या नऊ दिवसांत ते एकच शिट्टी बघत नव्हते, दाजी. त्यात तुमच्या सामन्यातल्या त्रेचाळीस चुका आहेत, मिनिट-सेकंदांसकट. स्लावाच्या दिवशी, भाकर कापून झाली की सगळ्यांसमोर ते एकेक वाचणार आहेत आणि तुम्ही समोर बसून उत्तर द्यायचं आहे. तेव्हा वर लिहिलेलं विश्रांतीबिश्रांतीचं सगळं विसरा. काहीही करून या, नियमांचं पुस्तक घेऊन या, माझ्यावर एवढे उपकार करा.

ता. क. तिसरा. बेचाळीस चुका मी वाचल्या. त्यातल्या तीस तरी वादाच्या आहेत, तुम्ही जिंकाल. त्रेचाळिसावीला मात्र तुमच्याकडे उत्तर नाही. बाबांच्या अक्षरात जशी आहे तशी उतरवतो: "सामना संपल्यावर दोन किलोमीटरवरच्या सासऱ्याच्या घरी न जेवता निघून गेला."