इंद्राणीचा गुरुवार

५ जून १९८४

दोन्ही मूत्रपिंडं गेली! डॉक्टरांनी गोवर्धनसमोरच सांगितलं, फ्रेंचमध्ये, बसचा टायर गेला म्हणून सांगावं तसं. (तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही, इथे घेते.) परवापर्यंत बस चालवत होता माझा माणूस. आता त्याचं रक्त मशीनवर धुवायला हवं. मशीन आहे, सरकारी आहे, फुकट आहे.

"पेना प्लास, मादाम." जागा नाही, बाई. डॉक्टरांचंही तेच, नर्सचंही तेच. मग जागा होणार कधी? डॉक्टर चष्मा पुसत बसले. नर्स दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "कुणी गेलं की."

८ जून

आणखी मशीनं का आणत नाहीत म्हणून हॉस्पिटलच्या ऑफिसात विचारलं. साहेब म्हणाले, आपल्या बेटाचा रुपया पडलाय, मशीन बाहेरून येतं, सरकारकडे पैसा नाही. ज्यांच्याकडे आहे ते विमानाने शेजारच्या रेयुनियों बेटावर जातात, फ्रान्सला जातात. आमच्यासाठी हे फुकट! फुकट आहे हो, सगळं फुकट, नुसती जागा तेवढी नाही. मी मराठीची मास्तरीण. माझ्या पगारात विमान बघायलाच मिळणार, तेही खालून.

रागारागात भात करपवला. गोवर्धनने मुकाट्याने खाल्ला. त्याचाच जास्त राग आला.

१४ जून

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एक बाई भेटली. हिरा, शमें ग्रेनिए गावची. तिची मुलगी इंद्राणी मशीनवर असते, सोमवारी आणि गुरुवारी. एकोणीस वर्षांची पोर. स्वेटरच्या फॅक्टरीत होती. मी मराठीत बोलले तशी हिरा रडायलाच लागली — "आमच्या गावात आता कोन बोलतंय गे असं!" थर्मासमधला चहा दोघींनी मिळून प्यायला.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे असतात, कुणा बड्या साहेबांचे सासरे. त्यांना आठवड्याचे चार दिवस! "त्येंका कोन विचारनार?" हिरा म्हणाली.

रविवारी आमच्या देवळात पूजा आहे, तिला ये म्हटलं. बोलता बोलता मनात आलं — हिची पोर मशीनवर नसती तर. आलं, म्हणून लिहिते. लाज वाटते.

१७ जून

काय झालं हे आज!

पूजेनंतर तुलसीरामकाकांनी गाऱ्हाणं घातलं. काका म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांच्या आज्याने कोकणातून आणलेली ही रीत आता त्यांनाच येते. हातात नारळ घेऊन एकेकाच्या नावाने देवाकडे मागायचं, आणि दर मागण्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा म्हटलं की ते मागणं सगळ्यांचंच होतं. कोबीला कीड लागू नये — व्हय म्हाराजा. पोरं परीक्षेत पास होऊ देत — व्हय म्हाराजा. मग काकांनी नारळ वर उचलला.

"बा म्हाराजा, आमच्या गोवर्धनाक त्या मशीनवर जागा गावू दे!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ. माझ्या शेजारी बसलेली हिराही. आणि मी, सगळ्यांत मोठ्याने!

मग हिराने जोडलेले हात सोडले. जागा कशी होते हे आमच्या नुव्हेल फ्रांस गावच्या त्या देवळात आम्हा दोघींनाच माहीत होतं. काकांना काय ठाऊक? त्यांना वाटलं असेल, चारजणांनी सरकून घेतलं की बाकावर पाचवा बसतो. पण मला तर ठाऊक होतं! काकांना आधी सांगायला हवं होतं. हिराने प्रसाद घेतला, चपला घातल्या आणि धुक्यातून बसकडे गेली. मी मागे गेले नाही.

१८ जून

गोवर्धनचे पाय सुजलेत. चप्पल चढत नाही. जेवण उलटून पडतं.

२५ जून

चिनी वाण्याच्या दुकानात आमच्यासाठी फोन आला — गुरुवारी घेऊन या. जागा झाली! कुणाची, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२८ जून

कुणीही गेलं नाही! इंद्राणी आहे. गुरुवार तिचाच होता, तो तिने आम्हाला दिला, दर आठवड्याचा; तिला आता नुसता सोमवार. हिरा मुद्दाम सांगायला आली होती.

"देवाम्होरं व्हय म्हटलंय मी. आता न्हाय कसं म्हनू? पोरगीच म्हनली, आई, एक दिवस घेऊ दे त्येंका."

नाही म्हणायचं होतं मला. एवढासा शब्द, पण तोंडातून निघाला नाही. मशीनवरून उतरला तेव्हा गोवर्धनच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

बड्या साहेबांच्या त्या चार दिवसवाल्या सासऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. ते कुठे आमच्या देवळात आले होते!

१९ जुलै

गोवर्धनने दोन रोट्या खाल्ल्या. तुलसीरामकाकांच्या गाऱ्हाण्याची नक्कल करून मला हसवलं.

काल शमें ग्रेनिएला भाजी घेऊन गेले होते. इंद्राणीचे डोळे सुजेत बुडालेत. अंथरुणातूनच विचारते, "काकी, काकांना बरं वाटतंय ना?" गोवर्धनला बरं वाटतंय म्हटलं. दुसरं काय सांगू?

आज डॉक्टरांना धरलं. म्हातारबाबांच्या चारांतला एक दिवस तिला द्या! "मादाम, तुम्ही शिक्षिका आहात, समजून घ्या." समजलं, डॉक्टर. चांगलंच समजलं.

रात्री गोवर्धनला विचारलं, गुरुवार परत करायचा का? तो भिंतीकडे वळला. त्याने उत्तर दिलं नाही याचं मला बरं वाटलं. देवा, बरं वाटलं!

२० ऑगस्ट

इंद्राणी काल गेली. सोमवारपर्यंतही थांबली नाही. हिराच्या दारातच उभी राहिले. तीच बाहेर आली, माझा हात धरून आत घेऊन गेली आणि लेकीजवळ बसवलं.

२३ ऑगस्ट

आज डॉक्टर म्हणाले, सोमवार मोकळा झालाय, तोही तुमच्या नवऱ्यालाच देतो.

मी "मेर्सी, दोक्तेर" म्हणाले. लगेच. मनापासून.